दुसऱ्याच्या छपराखाली

ब्राउनश्वाइग, १२ नोव्हेंबर २०२३

पुष्कर,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काहीच होत नाही. म्हणून पोस्टाने लिहिते आहे. तुझा ड्रेस्डेनचा पत्ता आईंकडून घेतला. माझ्याकडे तो आहेच, फक्त घर नंबर विसरले, असं त्यांना सांगितलं. त्यांना तू माझ्याशी बोलत नाहीस हे माहीत नाही. दर रविवारी नाशिकहून फोन येतो तेव्हा मी म्हणते, तुझी शिफ्ट आहे.

मुद्द्याचं आधी लिहिते. इथे आजारी पडणाऱ्या, मरणाऱ्या आपल्या मुलांसाठी तू सुरू केलेली 'सोबत' मी बंद केलेली नाही. परवा मी तिच्यासाठी एका फेराइनशी, म्हणजे इथल्या नोंदणीकृत संस्थेशी, करार केला.

वाचणं थांबवू नकोस. तू घर सोडण्याआधी मी हा विषय काढला होता तेव्हा तू म्हणाला होतास, "आता रडायचं कसं तेही जर्मन संस्थेला विचारून?" मी विषय सोडला, कारण तुझं खरं दुखणं वेगळं होतं. बँकेने खातं गोठवलं होतं, आणि गणपतीच्या कार्यक्रमात आपल्या मंडळातला चारुदत्त सगळ्यांदेखत म्हणाला होता की बँक उगाच कशाला असं करेल. तू प्रसादाची ताटली हातात घेऊन तिथेच उभा होतास. ती ताटली तू टेबलावर ठेवलीस, जॅकेट घातलंस आणि बाहेर पडलास. माझ्या मते तू त्याच दिवशी ड्रेस्डेनला गेलास. नोकरीचं पत्र नंतर आलं एवढंच.

तर फेराइनबद्दल. एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांचं ऑफिस आहे. खाली सायकली दुरुस्त करणारा एक गट, वर सिरियन बायकांचा शिवणवर्ग, शनिवारी म्हाताऱ्यांचं गायन. यांपैकी कुणाचीच स्वतःची नोंदणी नाही. नोंदणी, बँकेचं खातं, हिशेब, विमा, फिनान्झआम्टला, म्हणजे कर खात्याला, द्यायची उत्तरं, हे सगळं फेराइन करतं आणि काम ज्याचं त्याने करायचं. याला इथे ट्रेगर म्हणतात, म्हणजे वाहून नेणारा. मला ऐकताना खांदेकरी आठवले. आपलं काम तसंच होतं ना.

तिथल्या फ्राउ ल्यूडेके साठीच्या पुढच्या आहेत, केस अगदी बारीक कापलेले. त्यांना मी कबीरचं सगळं सांगितलं. हॉस्टेलच्या खोलीत त्याचं हृदय बंद पडलं, सांगलीहून त्याच्या आईवडिलांना व्हिसा वेळेत मिळाला नाही, तू शवागारात जाऊन ओळख पटवलीस, आणि त्याला घरी पाठवायला लोकांनी तुझ्या खात्यात पैसे पाठवले. मग पुढचा मुलगा, मग त्याच्या पुढची मुलगी, सगळं त्याच खात्यातून. मग बँकेचं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलेल असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, एका माणसाच्या घरखर्चाच्या खात्यात अचानक शेकडो अनोळखी लोकांचे पैसे आले की कुठलीही बँक विचारणारच, त्यात तुमच्या नवऱ्याचा दोष नाही. मग विचारलं, तुम्ही दोघं सुट्टीवर जाता तेव्हा फोन कोण घेतं?

मी म्हटलं, आम्ही सुट्टीवर जात नाही.

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "बरं तर," म्हणाल्या, "तिथूनच सुरुवात करू."

आता देणगी फेराइनकडे जाते, 'सोबत'च्या नावाने वेगळी राहते, आणि देणाऱ्याला करासाठी पावती मिळते. त्यातला थोडा वाटा फेराइन आपल्या कामासाठी ठेवतं. प्रत्येक खर्चावर दोघांच्या सह्या. नाव आपलंच. कुणाकडे जायचं, कुणाच्या घरी फोन करायचा, हे आपणच ठरवायचं. म्हणजे मी. 'आपण' लिहायची सवय गेलेली नाही.

ही सही म्हणजे तू पैसे खाल्लेस याची कबुली नाही. हे तुला समोर बसून सांगायचं होतं.

कौमुदी

*

ब्राउनश्वाइग, ३ मार्च २०२४

पुष्कर,

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, तेव्हा तू घेतलं असावंस असं धरून चालते.

प्रिया नावाची मुलगी होती. नांदेडची, इथल्या विद्यापीठात पहिल्याच वर्षाला. ताप अंगावर काढत राहिली, कारण परीक्षा होती आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट कशी घ्यायची ते कुणाला विचारायचं हेही तिला माहीत नव्हतं. मैत्रिणीने दार वाजवलं तेव्हा ती बोलण्याच्या पलीकडे गेली होती. जंतू रक्तात पसरले होते. इंटेन्सिव्हमधल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आईवडिलांना बोलवा, आणि उशीर करू नका.

वडील नाहीत. आई, कमलाबाई, महाराष्ट्राबाहेर कधी गेलेल्या नव्हत्या. पासपोर्ट मात्र होता. लेकीच्या पदवीदानाला यायचं म्हणून तिनेच काढायला लावला होता.

कबीरच्या वेळी तू व्हिसासाठी किती पत्रं लिहिलीस ते मला आठवतं. प्रत्येक वेळी वकिलातीतून विचारायचे, आपण त्यांचे कोण? या वेळी फ्राउ ल्यूडेकेंनी फेराइनच्या कागदावर पत्र लिहिलं: राहण्याची सोय आमची, येण्याजाण्याचा खर्च आमचा, हे हॉस्पिटलचं पत्र सोबत जोडलं आहे. कुणीही विचारलं नाही की आपण कोण. तिकीट त्यांच्या ऑफिसने काढलं. हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर पाहुण्यांसाठी खोली घेतली. मी त्या दिवसांत एकदाही बँकेचं ॲप उघडलं नाही. मी नुसती प्रियाजवळ बसले आणि तिच्या आईला फ्रांकफुर्टहून आणायला गेले. तुला कळेल या वाक्याचा अर्थ. तुला कबीरजवळ नुसतं बसता आलं नव्हतं. तो शवागारात होता आणि तू बाहेर कॉरिडॉरमध्ये फोनवर पैसे मागत होतास.

कमलाबाई आल्या तेव्हा प्रिया शुद्धीवर होती. गळ्यात नळी होती, बोलता येत नव्हतं. आईने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि रोजच्या आवाजात विचारलं, "वेणी कोण घालून देतं गं तुला इथं?" प्रियाच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुढचे काही दिवस ती ओळखत होती. मग नाही.

तिला नांदेडला पाठवलं. अंत्यसंस्कारवाल्यांचं बिल थेट फेराइनकडे गेलं. कबीरला घेऊन तू गेलास तेव्हा त्याचे वडील तिकडच्या विमानतळावर पुन्हा पुन्हा विचारत होते की कुणाचे किती द्यायचे आहेत, आणि तू मान खाली घालून उभा होतास. कमलाबाईंना असं काही विचारावं लागलं नाही. त्यांनी माझा हात धरला आणि एवढंच म्हणाल्या, "ती मला ओळखून गेली."

घरी येऊन मी कुणाला सांगावं हे? तुलाच सांगते आहे. तू असतास तर चहा टाकला असतास आणि आपण दोघं न बोलता बसलो असतो.

कौमुदी

*

ब्राउनश्वाइग, २० जुलै २०२४

पुष्कर,

फक्त चांगलं लिहिलं तर तू म्हणशील कौमुदी जाहिरात करते आहे. म्हणून हे.

उत्कर्ष नावाचा मुलगा मे महिन्यात आला होता. जळगावचा. संध्याकाळची नोकरी गेली, भाडं थकलं, घरमालकाने खोली सोडायला सांगितलं. 'सोबत'कडे पैसे आहेत हे त्याने ऐकलं होतं. फक्त एक सेमिस्टर निभावून न्यायचं होतं. मी त्याला खुर्चीत बसवलं, पोहे दिले, आणि म्हटलं की करू काहीतरी.

फ्राउ ल्यूडेके नाही म्हणाल्या. लोकांनी हे पैसे आजारपण आणि मृत्यूसाठी दिले आहेत, आपण तसं लिहून घेतलं आहे, ते दुसऱ्या कशाला वापरता येणार नाहीत. मी वाद घातला. मी म्हटलं, मुलगा रस्त्यावर आला तर आजारी पडेलच, तोवर थांबायचं का? त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा नाही म्हणाल्या. विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या एका दुसऱ्या संस्थेचा पत्ता दिला. तिथल्या अर्जाची मुदत संपली होती.

उत्कर्ष परत गेला. जाताना भेटायला आला नाही.

तू असतास तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या हातात पैसे ठेवले असतेस. मी कितीतरी दिवस फ्राउ ल्यूडेकेंशी नीट बोलले नाही. त्यांनाही ते कळलं. एकदा जिन्यात थांबून म्हणाल्या की त्यांनाही तो मुलगा आठवतो. मी जिना उतरून गेले. दुसऱ्याच्या छपराखाली राहायचं तर खांब कुठे आहेत ते बघून चालावं लागतं, हे मला कळतं. पण डोकं आपटलं की लागतंच.

चारुदत्त आता देणगी देतो. पावती मिळाल्यावर मला म्हणाला, "आता कसं सगळं व्यवस्थित झालं." पावती व्यवस्थित आहे. तुझं नाव त्याने काढलं नाही. मीच काढलं. म्हटलं, पुष्करने एकट्याने उभं केलेलं आहे हे, आणि त्याच्या वेळचा एकूण एक खर्च फेराइनच्या लेखापालाने तपासून बरोबर आहे म्हणून सांगितलंय. तो म्हणाला, अगं, मी कुठे काय म्हटलं होतं? त्याला खरंच आठवत नाही, पुष्कर. तू ज्यासाठी घर सोडलंस ते त्याला आठवतही नाही.

आणखी एक. एका प्रतिष्ठानाने आपल्याला दोन वर्षांसाठी अनुदान दिलं आहे. नोंदणीकृत संस्थेलाच ते मिळतं; तुला किंवा मला कधीच मिळालं नसतं. त्यातून दुसऱ्या शहरांत माणसं तयार करायची आहेत. पहिलं शहर ड्रेस्डेन. ते मी निवडलेलं नाही, तिथली मुलगी आधी पुढे आली. मैत्रेयी, नागपूरची, तिथल्या एका संशोधन संस्थेत आहे. धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमात तिने आपल्याबद्दल ऐकलं. तिचं प्रशिक्षण झालं, विमा झाला, गुप्ततेच्या शपथेवर सही झाली: आजारी माणसाच्या परवानगीशिवाय त्याचं नावही कुणाला सांगायचं नाही, मलासुद्धा. आता ती तिथल्या हॉस्पिटलांत आपली पत्रकं ठेवत फिरते.

तू त्या गावात आहेस हे मी तिला सांगितलेलं नाही. तुला नको असेल असं वाटलं.

कौमुदी

*

ब्राउनश्वाइग, ८ डिसेंबर २०२४

पुष्कर,

बरेच महिने लिहिलं नाही. उत्तर येत नाही तेव्हा लिहिणाऱ्याचा आवाज त्यालाच नकोसा होतो.

आई म्हणाल्या, दिवाळीला तुझा फोन आला तो दोन मिनिटांचाच, आणि तू शब्द शोधत होतास. "थकलाय का गं तो?" असं मला विचारलं. मी म्हटलं, प्लँटमध्ये काम खूप आहे. तुझ्याबद्दल मला काही माहीत नाही हे त्यांच्यापासून लपवता लपवता मी आता तुझी बरीच माहिती तयार केली आहे. तू रविवारी नदीकाठी चालायला जातोस. तुला गुडघ्याचा त्रास कमी आहे. कधी जमलं तर यातलं काही खरं कर.

इथे आठ दिवस सूर्य नाही. ऑफिसमधून निघते तेव्हा अंधार, पोचते तेव्हाही अंधार. शाळेच्या इमारतीत मात्र उजेड असतो, म्हणून मी तिथे जास्त वेळ थांबते. फ्राउ ल्यूडेकेंशी आता पुन्हा बोलते. त्या मार्चमध्ये निवृत्त होताहेत, पण काम अडणार नाही. त्यांच्या जागी येणाऱ्या माणसाला त्या आत्तापासूनच सगळं शिकवत आहेत.

गेल्या महिन्यात मैत्रेयीची पहिली मोठी केस मंजुरीला आली. फ्राउ ल्यूडेकेंनी नाव न घेता वाचून दाखवली. पुरुष, पन्नाशीचा, मेंदूची शस्त्रक्रिया झालेली. जर्मन चांगलं येत होतं, आता बोलता बोलता मराठीत शिरतो आणि नर्सना काही कळत नाही. वाचता येत नाही. नातेवाईकांना कळवू नये अशी त्याची इच्छा. आठवड्यातून दोनदा कुणीतरी येऊन बसावं आणि रेडिएशनला न्यायला टॅक्सी मिळावी, एवढी मागणी. दुसरी सही माझी. मी केली.

करताना मी फ्राउ ल्यूडेकेंना म्हटलं, कसली ही घरची माणसं, कुणालाच कळवू नये असं एखाद्याला वाटावं. त्या म्हणाल्या, ते आपल्याला माहीत नसतं.

तुझ्याच वयाचा असेल तो. असो.

थंडी फार आहे. कानाला बांधत जा.

कौमुदी

*

ब्राउनश्वाइग, २ फेब्रुवारी २०२५

पुष्कर,

हे पत्र मैत्रेयी तुला वाचून दाखवणार आहे हे मला माहीत आहे. म्हणून वाक्यं लहान लिहिते. मैत्रेयी, तुला कुठे अवघड वाटलं तर थांब, घाई नाही.

गुरुवारी मी शाळेच्या इमारतीत होते तेव्हा तिचा फोन आला. आम्ही दर आठवड्याला बोलतो, तसाच असेल असं वाटलं. ती म्हणाली, "ताई, आज मला परवानगी मिळाली आहे, म्हणून बोलते." मग तिने तुझं नाव घेतलं.

मी जिन्यावर बसले. वरून शिवणयंत्रांचा आवाज येत होता. मी तिला म्हटलं, सगळं सांग.

तिने सांगितलं की हॉस्पिटलच्या सोझिआलडिन्स्टने, समाजसेवा विभागाने, तिला बोलावलं तेव्हा ती तुला ओळखत नव्हती. तू विचारलंस, कुणी पाठवलं? ती म्हणाली, 'सोबत'ने. तेव्हा तू हसलास, आणि ते हसणं बराच वेळ थांबलं नाही. मग तू तिला म्हणालास की कौमुदीला सांगायचं नाही. तिने शब्द पाळला. दर आठवड्याला माझ्याशी बोलत होती आणि पाळत होती. मला तिचा राग आला होता, तो आता नाही. मीच तिच्याकडून ती सही घेतली होती.

तिने हेही सांगितलं की तुझ्या खोलीतल्या कपाटात माझी तीन पत्रं होती आणि खाली टपालपेटीत डिसेंबरचं, चारही न उघडलेली. तुझी किल्ली घेऊन तिने ती आणली. तू ती एका दुपारी ओळीने वाचून घेतलीस. प्रियाचं पत्र दोनदा. डिसेंबरचं वाचताना तिलाच थांबावं लागलं. घरच्या माणसांबद्दल मी जे लिहिलं होतं ते तुझ्यासमोर, तिच्या आवाजात. तू काय म्हणालास ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, "ते म्हणाले, बरोबरच आहे तिचं. पुढे वाच."

तुझा निरोपही दिला. "तिला म्हणावं, लिहीत जा. येऊ नकोस."

डॉक्टर काय म्हणतात ते तू तिला सांगायला परवानगी दिलीस, म्हणून मला कळलं. गाठ पूर्ण निघालेली नाही. उन्हाळ्यापर्यंतचं ते बोलतात, त्यापुढचं नाही. मी हे लिहून टाकते आहे, कारण तुझ्यामाझ्यात ते न बोललेलं राहायला नको.

फोन ठेवल्यावर मी फ्राउ ल्यूडेकेंच्या खोलीत गेले. त्यांना म्हटलं की ड्रेस्डेनच्या त्या केससाठी माझं नाव घाला, मी प्रशिक्षित आहे, माझा विमा आहे, मी जाते. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. त्या उठल्या, दार लावलं आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. एवढ्या दिवसांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

म्हणाल्या, "'सोबत'तर्फे मी तुम्हाला पाठवू शकत नाही. नातेवाईकाला आम्ही पाठवत नाही, नियम आहे. तुम्ही पत्नी म्हणून जा. त्याला आमची सही लागत नाही."

मी तिथे खूप रडले. त्यांनी पाणी आणून दिलं आणि भेटायला आलेल्या माणसाला परत पाठवलं.

तुझ्यावर रागावायचं होतं मला. दीड वर्ष मी त्याची तयारी करत होते. तू म्हणाला होतास, दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही. मग दुखायला लागलं तेव्हा तू कुणाच्याच दारात गेला नाहीस. माझ्याही नाही. डोकं दुखत होतं तेव्हा एकटाच होतास, शब्द सापडेनासे झाले तेव्हाही, ऑपरेशनच्या कागदांवर सही केलीस तेव्हाही. तुला वाहून नेणारं कुणी नको होतं. आणि तरी आठवड्यातून दोनदा एक नागपूरची मुलगी तुझ्याजवळ येऊन बसली, कारण इथे कुणीतरी तिचा प्रवासखर्च मंजूर केला होता. ती मी होते. तुझं नाव माहीत नसताना. हे मला अजून नीट पेलत नाही.

आईंना मी आज सांगितलं. खोटं बोलायचं थांबवलं. त्यांनी हॉस्पिटलचं नाव लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तू जा आधी. मी येईपर्यंत त्याच्यापाशी थांब." त्यांच्या व्हिसाचं पत्र फेराइन लिहिणार आहे. त्यांच्यासाठी खोलीही बघितली जाईल. तुझ्यासाठी हे होऊ नये असं तू म्हणशील. तुझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी होतं आहे.

मी शनिवारी येते आहे. लाइपझिगला गाडी बदलून दुपारी पोचेन. मैत्रेयीने हे वाक्य वाचलं की तू मान हलवशील. मैत्रेयी, तू पुढे वाच.

मी कुणातर्फे येत नाही. औषधांचं, बिलांचं काही विचारणार नाही, ते बघायला माणसं आहेत. मला फक्त बसायचं आहे. तू आत येऊ दिलं नाहीस तर मी बाहेर बसेन. मैत्रेयी म्हणाली, तिथे खिडकीपाशी खुर्च्या आहेत.

कौमुदी